परतलेला रॅपर आपल्या शहराचे नाव का घेतो?

एखादा रॅपर निवृत्ती जाहीर करतो, काही वर्षांनी परत येतो आणि थोड्याच दिवसांत आपल्या शहराचे गुणगान करणारे गाणे काढतो. ते गाणे स्टेडियममध्ये वाजते, त्या शहरात कधी पाऊल न ठेवलेली मुलेही ते पाठ करतात आणि बातम्यांमध्ये त्याला ‘शहराचे राष्ट्रगीत’ म्हटले जाते. ज्यांच्या घरात मुले दिवसभर रॅप ऐकतात, पण ज्यांना स्वतःला त्यातले फारसे उमगत नाही, अशा वाचकांना या सगळ्याचे कोडे पडणे स्वाभाविक आहे. हा माणूस गातो की नुसता बोलतो? शहराचे नाव घेतल्याने लोक इतके का भारावतात? चाल तर जुन्या गाण्यातून उचललेली दिसते, मग ही चोरी ठरत नाही का? हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे एकाच गाण्याच्या आधाराने देता येतात. ते गाणे म्हणजे जे-झी या न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागातल्या रॅपरने गायिका अ‍ॅलिशिया कीज हिच्या साथीने २००९ मध्ये आणलेले ‘एम्पायर स्टेट ऑफ माइंड’.

हा नुसता बोलतो, गातो कुठे?

रॅप म्हणजे तालात बसवलेले, यमकांनी बांधलेले बोलणे. गाण्यात शब्द सुरांच्या आधाराने चालतात, तर रॅपमध्ये ते तालाच्या आधाराने चालतात. मराठी कानाला हे मुळीच परके असू नये. अठराव्या शतकातील अमृतरायांचे कटाव आठवावेत. एका दमात, अनुप्रासांच्या साखळीत, ऐकणाऱ्याला श्वास घ्यायची उसंत न देता म्हटले जाणारे ते पद्य सुरांपेक्षा लयीवर आणि जिभेच्या सफाईवर उभे असते. पोवाड्यातही शाहीर डफाच्या ठेक्यावर कथा सांगू लागतो, तेव्हा तो बराच वेळ गाणे आणि बोलणे यांच्या सीमेवरच असतो.

चार शब्द एकदा समजून घेतले की पुढचे सोपे होते. ‘बीट’ म्हणजे रॅपरच्या शब्दांखाली सतत वाजणारे वाद्यसंगीत. ‘बार’ म्हणजे त्या संगीताचे चार ठोक्यांचे एक आवर्तन. रॅपर आपले लिखाण ओळींत न मोजता बारमध्ये मोजतो. ‘फ्लो’ म्हणजे शब्द ठोक्यावर, ठोक्याच्या आधी किंवा किंचित नंतर टाकण्याची त्याची स्वतःची ढब. आणि ‘हुक’ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे पालुपद, जे ऐकणाऱ्याला धरून ठेवते.

रॅपच्या कडव्याची रूढ लांबी सोळा बारची, म्हणजे चौसष्ट ठोक्यांची. या गाण्याची गती मिनिटाला साधारण ८७ ठोके इतकी आहे. या गतीने सोळा बार म्हणजे जेमतेम ४४ सेकंद होतात. एवढ्या वेळात माणसाला स्वतःची ओळख, आपला मोहल्ला, आपला भूतकाळ आणि आपली फुशारकी, सगळे यमकात बसवायचे असते. म्हणूनच रॅपमध्ये वर्णनाऐवजी नावे येतात. रस्त्याचे नाव, इमारतीचा क्रमांक, टोपीवरचे चिन्ह. एक पत्ता उच्चारला की ओळखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अख्खी वस्ती उभी राहते आणि चार ओळींचे काम दोन शब्दांत होते.

पण शहराचे नाव इतके महत्त्वाचे का?

याचे उत्तर रॅपच्या जन्मात आहे. न्यूयॉर्कच्या उत्तरेकडील ब्राँक्स हा भाग १९७० च्या दशकात मोडकळीला आला होता. त्या आधीच्या दोन-अडीच दशकांत ‘क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे’ हा महामार्ग भरवस्तीतून काढला गेला होता आणि त्यासाठी हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली होती. मागे राहिलेल्या इमारतींकडे मालकांनी पाठ फिरवली आणि अनेक इमारती आगीत खाक झाल्या. अशा ठिकाणी ११ ऑगस्ट १९७३ रोजी, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीतील सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून तिकीट लावून एक पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता. तोच पुढे डीजे कूल हर्क म्हणून ओळखला गेला.

हर्कच्या लक्षात आले होते की गाण्यात गायक थांबतो आणि केवळ ताल उरतो, त्या काही सेकंदांत लोक सर्वांत बेभान नाचतात. तमाशात बाकीचे सगळे थांबून एकटी ढोलकी बोलू लागते, तेव्हा फडात जे होते तेच हे. पण रेकॉर्डवर तो तुकडा लगेच संपतो. म्हणून हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती रेकॉर्ड फिरवणाऱ्या दोन तबकड्यांवर (टर्नटेबलवर) लावल्या. एकीवर तो तुकडा वाजत असताना दुसरी मागे फिरवून ठेवायची आणि पहिली संपली की दुसरी सुरू करायची. अशा रीतीने काही सेकंदांचा ताल हवा तितका लांबवता येऊ लागला. त्या तालावर ध्वनिवर्धकातून समोरच्या गर्दीला हाका मारणे, नावे घेणे, कोण कुठल्या गल्लीतून आले आहे ते पुकारणे सुरू झाले आणि त्यातूनच रॅप घडले.

म्हणजे गल्लीचे नाव ही रॅपमध्ये नंतर चढवलेली सजावट नाही. या कलेचे पहिले शब्दच हजेरीचे होते. ज्या वस्त्यांना शहराने नकाशावरून जवळपास पुसले होते, त्या वस्त्यांतील मुले ‘आम्ही इथे आहोत’ असे सांगत होती. पुढे १९८६-८७ च्या सुमारास क्वीन्सब्रिज आणि साउथ ब्राँक्स येथील रॅपरांमध्ये रॅपचे खरे घर कोणाचे यावरून गाण्यांतून रीतसर झगडाही झाला. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येते आणि लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफतो. त्या नाममुद्रेने रचना कोणाची हे ठरते. रॅपमध्ये ही मुद्रा दुहेरी असते. आपले नाव आणि आपला पत्ता.

निवृत्ती आणि परतणे

आता जे-झीकडे वळू. शॉन कार्टर हे त्याचे खरे नाव. ब्रुकलिनमधील मार्सी हाउसेस या सरकारी गृहसंकुलात तो वाढला आणि तरुणपणी त्याने अमली पदार्थ विकले, हे त्याने आपल्या गाण्यांत कधीच लपवले नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये त्याने ‘द ब्लॅक अल्बम’ हा आपला शेवटचा अल्बम म्हणून आणला आणि २५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाचा कार्यक्रम केला. नंतर तो डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीचा अध्यक्ष झाला. या काळात तो पूर्ण गप्प होता असे म्हणता येणार नाही, कारण इतरांच्या गाण्यांत त्याचा आवाज येतच होता, पण स्वतःचा एकल अल्बम नव्हता. तो २००६ मध्ये ‘किंगडम कम’ घेऊन परतला.

येथे एक शंका येईल. पुनरागमन २००६ चे आणि शहराचे गाणे २००९ चे, मग दोहोंचा संबंध काय? संबंध असा की विक्रीच्या दृष्टीने परतणे आणि लोकांच्या मनात परतणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘किंगडम कम’ खपला, पण फारसा मनात राहिला नाही. २०१३ मध्ये जे-झीने स्वतःच्या एकल अल्बमांची क्रमवारी लावली, तेव्हा त्यालाच शेवटचे स्थान दिले. त्या अल्बममधला माणूस यशस्वी उद्योजक होता आणि त्याच्या श्रीमंतीशी ऐकणाऱ्याचे काही नाते जुळत नव्हते. कोट्यधीश झालेल्या रॅपरला त्याची वस्ती एकच प्रश्न विचारते: तू अजून आमचा आहेस का? आकडे पुढे करून याचे उत्तर देता येत नाही.

२००९ मध्ये हे उत्तर ऐकायला शहरही तयार होते. आदल्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक न्यूयॉर्कमध्ये कोसळली होती आणि मंदीने शहराचा आत्मविश्वास हलला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस यँकी या बेसबॉल संघाच्या मैदानावर, वर्ल्ड सीरिज या अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेतील दुसऱ्या सामन्याआधी, जे-झी आणि अ‍ॅलिशिया कीज यांनी हे गाणे सादर केले. पुढच्याच आठवड्यात यँकीजनी ती स्पर्धा जिंकली. २८ नोव्हेंबर २००९ च्या ‘बिलबोर्ड’ या अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि पाच आठवडे तिथेच राहिले. पाहुणा म्हणून जे-झी या स्थानावर आधीही पोहोचला होता. मुख्य गायक म्हणून मात्र ही पहिलीच वेळ होती.

हे गाणे मुळात त्याचेच होते का?

नव्हते. मला या गाण्याची हीच बाजू सर्वांत हृद्य वाटते. याची मूळ कल्पना अँजेला हंट आणि जेनेट सुएल-युलेपिक या ब्रुकलिनच्या दोन गीतकार मैत्रिणींची. लंडनच्या मुक्कामात घरची आठवण अनावर झाली असताना दोघींनी न्यूयॉर्कवर गाणे लिहिले. वाद्यसंगीत अल शक्स या इंग्रज निर्मात्याचे होते. म्हणजे न्यूयॉर्कचे हे गीत लंडनमध्ये, एका लंडनकराच्या तालावर, घरापासून दूर असलेल्या दोन बायकांनी रचले. माहेरच्या वाटेकडे डोळे लावून म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. घर सोडून दूर गेल्याशिवाय त्याचे गाणे होत नाही.

सुरुवातीला ते गाणे नाकारले गेले. पुढे ते जे-झीपर्यंत पोहोचले, तेव्हा त्याने पालुपदाचा गाभा ठेवला, कडवी स्वतःची लिहिली आणि पालुपदासाठी मॅनहॅटनमध्ये वाढलेल्या अ‍ॅलिशिया कीजचा आवाज व पियानो निवडला. गाण्यात ब्रुकलिनमधील ५६० स्टेट स्ट्रीट हा पत्ता येतो. तो जे-झीच्या जुन्या दिवसांतला आहेच, शिवाय अँजेला हंटही लहानपणी त्याच इमारतीत राहत होती.

जुन्या गाण्याचा तुकडा घेणे ही चोरी नाही का?

परवानगी न घेता घेतला तर ती चोरीच आहे, परवानगी घेऊन घेतला तर नाही. आधीच्या ध्वनिमुद्रणातील तुकडा कापून नव्या गाण्यात बसवणे याला ‘सॅम्पल’ म्हणतात. हर्क जे दोन तबकड्यांवर हाताने करत होता, तेच पुढे यंत्राने होऊ लागले. आजीच्या जुन्या नऊवारीतून नातीचे परकर-पोलके शिवावे, तसे हे काम आहे. काठ ओळखू येतो, पण कपडा नवा असतो.

कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. पहिली शब्द आणि चाल यांची, जी गीतकार व संगीतकाराची. दुसरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाची, जी सहसा रेकॉर्ड कंपनीची. घराच्या बाबतीत वास्तुविशारदाचा आराखडा आणि बांधलेली इमारत यांचे मालक निराळे असू शकतात, तसेच हे. सॅम्पल घ्यायचे तर दोन्ही मालकांची संमती लागते. अमुक इतक्या सेकंदांपर्यंतचा तुकडा फुकट वापरता येतो, हा समज अगदी रूढ आहे, पण असा सेकंदांचा नियम अमेरिकेच्या कायद्यातही नाही आणि भारताच्याही नाही. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी आपल्या निकालाची सुरुवातच बायबलमधील ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने केली आणि तेव्हापासून आधी परवानगी, मग प्रकाशन हा शिरस्ता पडला.

जे-झीच्या गाण्यात ‘द मोमेंट्स’ या गायकचमूच्या १९७० मधील एका प्रेमगीताचा तुकडा आहे. त्या जुन्या गीताच्या रचनाकारांत बर्ट कीज यांच्याबरोबर सिल्व्हिया रॉबिन्सन यांचे नाव आहे आणि येथे इतिहास गोल फिरून परत येतो. कारण याच सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी पुढे शुगर हिल ही कंपनी चालवून १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ ही रॅपची पहिली मोठी यशस्वी रेकॉर्ड काढली. त्या रेकॉर्डखालचा तालही शीक या बँडच्या गाण्यावरून घेतला होता आणि वाद झाल्यावर शीकच्या संगीतकारांची नावे श्रेयात घालावी लागली. ज्या बाईंनी रॅप गल्लीतून बाजारात आणले, त्यांचीच जुनी चाल तीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या सर्वांत गाजलेल्या रॅप-गीताच्या तळाशी वाजते आहे.

परिणामी या गाण्याच्या लेखनश्रेयात सात नावे आहेत. जे-झी, अ‍ॅलिशिया कीज, त्या दोन मैत्रिणी, अल शक्स आणि १९७० च्या गीताचे दोघे रचनाकार. गाणे वाजले की रचनेच्या मोबदल्यात सातही जणांचा वाटा असतो. भारतातही २०१२ च्या दुरुस्तीने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गीतकार व संगीतकारांना असे संरक्षण मिळाले. त्यांनी हक्क विकले, तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतील समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. ज्यांची मुले घरात बसून रॅप ध्वनिमुद्रित करतात, त्या पालकांनी ही एवढी गोष्ट त्यांना अवश्य सांगावी.

हे शहराचे कौतुक आहे की तक्रार?

दोन्ही. पालुपद ऐकले तर वाटते की स्वप्नांच्या नगरीचे हे निखळ स्तोत्र आहे. पर्यटकांच्या कानात तेवढेच राहते. कडवी मात्र वेगळे सांगतात. त्यात विक्रीचा माल लपवण्याची जागा आहे, गल्ल्यांतील टोळ्या आहेत, झगमगाटाला भुलून आलेल्या आणि वाताहत झालेल्या तरुण मुली आहेत. हुक आकाशाकडे बघतो आणि कडवे फुटपाथकडे. या दोहोंतील ताणामुळेच ते जाहिरात होण्यापासून वाचले आहे.

मुंबईने हे आधीच अनुभवले आहे. पठ्ठे बापूरावांनी लावणीत या नगरीचा डंका वाजवला, तो थक्क झालेल्या पाहुण्याच्या नजरेने. अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईवरच लावणी रचली, तेव्हा त्यांनी मलबार हिलचे ऐश्वर्य आणि परळच्या कामगाराचा घाम शेजारी शेजारी ठेवले. प्रेम आणि हिशेब एकाच ठेक्यावर. आजच्या मुंबईतील रॅपर हिंदीत आणि मराठीतही तेच करत आहेत. अंधेरीच्या जे. बी. नगरमध्ये वाढलेला डिव्हाइन ‘५९’ हा आकडा मिरवतो. तो त्याच्या भागाच्या ४०००५९ या पिनकोडाचा शेवट आहे. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आयपॅडवर चित्रित केलेल्या पहिल्या गाण्याने लक्ष वेधले, पुढे तो काही काळ दिसेनासा झाला आणि २०१९ मध्ये परतला तो त्याच पहिल्या गाण्याच्या नावाला ‘वापस’ जोडून. पोस्टमनपुरता असलेला आकडा या मुलांनी अभिमानाची गोष्ट केली आहे आणि मला त्याचे मोल फार वाटते.

पण शहर गाणाऱ्यांचे उरते का?

हा आक्षेप सर्वांत अवघड आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. ज्या काळात हे गाणे गाजत होते, त्याच काळात जे-झी नेट्स या बास्केटबॉल संघाचा छोटासा भागीदार होता. हा संघ न्यू जर्सीतून ब्रुकलिनला आणण्यासाठी ‘अटलांटिक यार्ड्स’ हा मोठा प्रकल्प आखला गेला होता. त्यासाठी सरकारने सक्तीने जागा संपादित करण्याचे ठरवले आणि तिथल्या रहिवाशांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. २४ नोव्हेंबर २००९ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांविरुद्ध निकाल दिला. गाण्याला पहिला क्रमांक देणारी यादी त्याच आठवड्याची आहे.

भरवस्तीतून महामार्ग गेल्यावर ज्या वस्तीत रॅप जन्मले, त्याच शहरात रॅपमधून मोठा झालेला माणूस अशा प्रकल्पाचा चेहरा बनला. त्याच्या समर्थकांचे म्हणणे असे की दशकानुदशके मोठा संघ नसलेल्या ब्रुकलिनला त्याने पुन्हा संघ मिळवून दिला आणि मार्सी हाउसेसच्या मुलाने मालकांच्या खुर्चीत बसणे हीच मोठी गोष्ट होती. मला हे पुरेसे वाटत नाही. गाण्यात सात जणांचा वाटा होता, तो कागदावर आला आणि त्यांतल्या प्रत्येकाला विचारावे लागले. वस्ती उभी करणाऱ्यांचा वाटा मात्र अशा कुठल्या कागदावर येत नाही, आणि आला तरी त्यांची संमती आवश्यक ठरत नाही. आपल्या गिरणगावच्या जमिनींवर टॉवर उभे राहताना ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

बार्कलेज सेंटर हे नवे क्रीडागृह सप्टेंबर २०१२ मध्ये उघडले आणि पहिले आठ कार्यक्रम जे-झीचेच झाले. मार्सी हाउसेस तिथून काही किलोमीटरवर आहे. शेवटच्या रात्री तो मोटार सोडून मेट्रोने निघाला. डब्यात शेजारच्या आसनावर एक वृद्ध बाई बसली होती. तिने आपुलकीने त्याची चौकशी केली, तो कोण आणि प्रसिद्ध आहे का, असे विचारले. त्याने आपले नाव सांगितले आणि फारसा प्रसिद्ध नसल्याचे उत्तर दिले. त्याचा चेहरा तिने खरोखरच ओळखला नव्हता.